कोंडा, साल आणि पालापाचोळा: माती, पोट आणि मेंदू एकत्र सांभाळायचे कसे

स्वयंपाकघरात सगळ्यात आधी काय टाकलं जातं ते पाहा. पीठ चाळल्यावर चाळणीत उरलेला कोंडा, मुळ्याचा पाला, दुधीची साल, कोथिंबिरीच्या काड्या. यातला बराचसा भाग माणसाला स्वतःला पचत नाही. पण मोठ्या आतड्यातले अब्जावधी जिवाणू नेमके त्यावरच जगतात आणि जमिनीतले जिवाणू, बुरशी, गांडुळंही त्यावरच जगतात. गेल्या दोन पिढ्यांत आपण दोघांच्याही तोंडचा घास काढला. ताटात पॉलिशचा तांदूळ, मैदा आणि साल काढलेली डाळ आली, आणि शेतात पाचट पेटवून द्यायची सवय लागली. हा घास परत कसा द्यायचा ते इथे पायरीपायरीने सांगतो. त्याआधी आत काय घडतं ते थोडक्यात, कारण ते कळलं की पुढच्या पायऱ्या पाठ कराव्या लागत नाहीत.

पोटात काय होतं, मातीत काय होतं

अन्नातला तंतू (फायबर) मोठ्या आतड्यात पोचला की तिथले जिवाणू तो आंबवतात. त्यातून ॲसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट ही मेदाम्लं तयार होतात. ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं मुख्य इंधन. अस्तर धड असलं की नको ते रक्तात झिरपत नाही आणि शरीरात बारीक दाह धुमसत राहत नाही. हा दाह मेंदूलाही जाचतो. शिवाय पोटातून मेंदूकडे जाणारी व्हेगस नावाची मोठी मज्जातंतूंची वाट आहे. तिच्यातले बहुतेक तंतू पोटाची खबर वर नेणारे आहेत. वरचे हुकूम खाली आणणारे त्या मानाने थोडे.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात तयार होतं हे खरं, पण ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. आतड्याची हालचाल सांभाळणं हे त्याचं मुख्य काम. त्यामुळे ‘अमुक खा, सेरोटोनिन वाढेल, मन प्रसन्न होईल’ असे फिरणारे संदेश बाजूला ठेवा. आहार आणि मन यांचा संबंध मात्र आहे. ऑस्ट्रेलियात ६७ नैराश्यग्रस्तांवर झालेला, २०१७ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग यासाठी नेहमी सांगितला जातो. भाज्या, फळं, कडधान्यं, अख्खी धान्यं आणि सुकामेवा यांवर भर दिलेल्या गटाची लक्षणं १२ आठवड्यांत नुसत्या गप्पा-सोबत मिळालेल्या गटापेक्षा जास्त कमी झाली. तो आहार पूर्ण शाकाहारी नव्हता, त्यात मासेही होते, आणि ज्यांचे उपचार चालू होते त्यांचे ते चालूच राहिले होते.

मातीतही असाच व्यवहार चालतो. झाड पानांत बनवलेल्या साखरेतला वाटा मुळांवाटे मातीत सोडतं आणि बदल्यात जिवाणू-बुरशी त्याला अन्नद्रव्यं मिळवून देतात. मायकोरायझा बुरशीचे धागे मुळं पोचत नाहीत तिथून स्फुरद आणि जस्त आणतात. जस्त मेंदूच्या वाढीला लागतं, आणि देशभरात तपासलेल्या मातीच्या नमुन्यांपैकी एक तृतीयांशाहून जास्त नमुन्यांत ते कमी आढळलं आहे. जमिनीत जस्त कमी असलं की दाण्यातही कमी उतरतं.

या साखळीतले सगळे दुवे सारखे भक्कम नाहीत. तंतू आणि आतडं हा दुवा पक्का आहे. आहार आणि मन हा बऱ्यापैकी. मातीतला एखादा जिवाणू थेट मन सुधारतो, हे मात्र मुख्यतः उंदरांवरच्या प्रयोगांवर उभं आहे. म्हणून सुरुवात ताटापासून करायची.

पायरी १: आपल्या ताटातला तंतू मोजा

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार २००० कॅलरीच्या आहारात सुमारे ३० ग्रॅम तंतू हवा. आता एक नेहमीचं ताट घेऊ. दिवसभरात १५० ग्रॅम पांढरा तांदूळ, त्यात तंतू ४ ग्रॅम. ३० ग्रॅम तूरडाळीचं वरण, पावणेतीन ग्रॅम. बटाट्याची भाजी, जेमतेम २ ग्रॅम. सगळं मिळून नऊच्या आत. पोट भरलं, पण जिवाणू उपाशी.

तेच १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरी केल्या तर १० ग्रॅम. ४० ग्रॅम अख्ख्या हरभऱ्यांची उसळ, आणखी १० ग्रॅम. मेथीची भाजी ४ ते ५. एक पेरू बियांसकट, ८ च्या आसपास. तिशी पार झाली, आणि यातली एकही वस्तू महागड्या दुकानातून आणावी लागली नाही.

पायरी २: पीठ आणि डाळ बदला

तंतू सालीत असतो. १०० ग्रॅम अख्ख्या हरभऱ्यात २५ ग्रॅम, तर हरभरा डाळीत १५. अख्ख्या मुगात १७, मूगडाळीत ९. म्हणून आठवड्यातले निदान चार दिवस डाळीऐवजी अख्खं कडधान्य: मटकी, मूग, मसूर, चवळी, कुळीथ, वाल. गव्हाचं पीठ चाळायचंच असेल तर भोकं मोठी असलेली चाळणी घ्या आणि कोंडा थालीपिठाच्या भाजणीत ढकला.

खानदेशातली कळण्याची भाकरी या दृष्टीने मला फार मोलाची वाटते. ज्वारीबरोबर उडीद सालासकट दळलेला असतो, म्हणजे धान्य आणि कडधान्य एकाच घासात. कोकणात नाचणीची भाकरी आणि कुळथाची पिठी, विदर्भात जवसाची चटणी. जवसात वनस्पतीजन्य ओमेगा-३ भरपूर असतं. जवस भाजून कुटून घ्या. अख्खे दाणे बरेचदा न पचताच बाहेर पडतात.

कडधान्य रात्रभर भिजवून मोड आणण्यामागे पक्कं कारण आहे. सालीतलं फायटेट लोह आणि जस्त धरून ठेवतं; भिजवल्याने, मोड आणल्याने, आंबवल्याने ते कमी होतं. वरून लिंबू पिळलं तर लोह आणखी चांगलं शोषलं जातं. जेवणाला लागून चहा घेतला तर उलटं होतं, म्हणून चहा तासभर लांब ठेवा.

पायरी ३: आठवड्यात तीस वनस्पती

अमेरिकेत सुरू झालेल्या आणि हजारो लोकांचे नमुने गोळा करणाऱ्या एका प्रकल्पात २०१८ साली असं दिसलं, की आठवड्यात तीसपेक्षा जास्त प्रकारच्या वनस्पती खाणाऱ्यांच्या पोटातले जिवाणू दहा किंवा त्याहून कमी प्रकार खाणाऱ्यांपेक्षा जास्त विविध होते. तीस ऐकून दडपून जाऊ नका. मसाले, डाळी, धान्यं, तेलबिया, सगळं यात धरता येतं.

ऋषिपंचमीची भाजी मोजून पाहा: अळू, लाल माठ, भेंडी, शिराळं, पडवळ, लाल भोपळा, सुरण, मका, ओले शेंगदाणे, चिंच, ओलं खोबरं, मिरची. बारा झाल्या, एका पातेल्यात. भोगीची भाजी, गोव्याचं खतखतें याच धाटणीचं. सणासुदीला करायच्या या भाज्या महिन्यातून दोनदा करायला कुणाची हरकत नाही.

रोजच्यासाठी सोपी युक्ती: बाजारात गेलात की गेल्या खेपेला न घेतलेली एक पालेभाजी उचला. चाकवत, चुका, तांदुळजा, घोळ, चिवळ, करडई, अंबाडी. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी मिळतात. रानभाज्या विकायला बसलेल्या बाईला ती कशी करायची ते जरूर विचारा, कारण काही भाज्यांना ठरावीक संस्कार लागतात. शेवळाला काकडं किंवा चिंच लावली नाही तर घसा खाजून हैराण होतो.

पायरी ४: आंबवलेलं, रोज थोडं

स्टॅनफर्डमध्ये ३६ निरोगी प्रौढांवर झालेल्या, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आंबवलेले पदार्थ वाढवलेल्या गटात आतड्यातल्या जिवाणूंची विविधता वाढली आणि दाहाचे बरेच निर्देशक उतरले. आपल्याकडे यासाठी नवं काही शिकावं लागत नाही.

आंबील अशी करा. चार चमचे नाचणीचं पीठ वाटीभर पाण्यात कालवून रात्रभर झाकून ठेवा. सकाळी वर बारीक बुडबुडे दिसतील आणि आंबूस वास येईल. दोन वाट्या पाण्याला उकळी आणून त्यात हे ओता, ढवळत शिजवा आणि पूर्ण गार होऊ द्या. मग ताक, मीठ, ठेचलेला लसूण, जिरेपूड. गरम असताना ताक घातलं तर त्यातले जिवाणू मरतात, म्हणून थांबायचं. दूधदुभतं नको असेल तर ताकाऐवजी लिंबू पिळा; मग जिवंत जिवाणू मिळणार नाहीत, पण आंबवल्याचा पचनाला होणारा फायदा राहतो. इडली आणि आंबोळीचंही तसंच. तेलातलं आपलं लोणचं मात्र या यादीत धरू नका, त्यात मीठ आणि तेलच जास्त. मिठाच्या पाण्यात मुरवलेली कैरी किंवा आवळे चालतील, रक्तदाब असेल तर बेताने.

पायरी ५: जे मातीतून ताटात येत नाही ते

वनस्पतीजन्य आहाराचा पुरस्कार करणाऱ्याने ही पायरी गाळणं मला अन्यायाचं वाटतं. जीवनसत्त्व ब-१२ जिवाणू बनवतात, झाडं नव्हे. आपल्या मोठ्या आतड्यातही ते काही प्रमाणात बनतं, पण शोषलं जातं लहान आतड्याच्या शेवटच्या भागात, म्हणजे त्याच्या आधीच. मागचा माल पुढे येत नाही. मातीतून भाजीला चिकटून येणाऱ्या ब-१२ वर भरवसा ठेवता येत नाही आणि ठेवूही नये.

पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी यावर अनेक वर्षं काम केलं आहे. पुणे परिसरातल्या पुरुषांच्या पाहणीत सुमारे दोन तृतीयांश जणांत ब-१२ कमी निघालं. गर्भारपणात आईचं ब-१२ फार कमी असेल तर नऊ वर्षांच्या मुलांच्या मेंदूच्या काही चाचण्यांमध्ये फरक दिसला. तेव्हा पोट आणि मेंदूची काळजी म्हणून शाकाहार घेणाऱ्याने, विशेषतः लग्न झालेल्या आणि मूल होऊ देण्याच्या विचारात असलेल्या मुलींनी, रक्तातलं ब-१२ तपासून घ्यावं. दूध-दही पुरेसं घेणाऱ्यांना थोडा आधार असतो. दूधही न घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावीच. हातापायांना मुंग्या, तोल जाणं, विसराळूपणा ही लक्षणं वयावर ढकलू नका.

दुसरं आयोडीन. ते पिकात किती उतरणार हे मातीवर अवलंबून असतं आणि आपल्या बऱ्याच भागांत ते अपुरं आहे. गर्भातल्या बाळाच्या मेंदूला आयोडीन अत्यावश्यक. नैसर्गिक म्हणून घरचं सगळं मीठ सैंधवावर नेणारी बरीच कुटुंबं हल्ली दिसतात. सैंधवात सहसा पुरेसं आयोडीन नसतं. उपासाला सैंधव, रोजच्या स्वयंपाकाला आयोडीनयुक्त मीठ.

पायरी ६: ओला कचरा मातीला परत

आता उरलेली सालं आणि देठं. तळाला आणि बाजूंना भोकं असलेला वीस लिटरचा डबा किंवा मोठी मातीची कुंडी घ्या, खाली ताटली ठेवा. तळाला तीन बोटं नारळाच्या शेंड्या किंवा वाळका पाला. त्यावर रोजची सालं, बारीक चिरून. त्यावर आकारमानाने दुप्पट वाळका पाला, मग मूठभर जुनं खत किंवा बागेतली माती. विरजण म्हणून आंबट ताक शिंपडलं तरी चालतं. शिजवलेलं, तेलकट, खारट घालू नका.

सगळं काम ओल्या-सुक्याच्या प्रमाणावर चालतं. ओल्यात नत्र जास्त, सुक्यात कर्ब जास्त. दोन्ही मिळाले की जिवाणू जोरात वाढतात. आठवड्याभराने मधोमध हात घाला. कोमट लागलं, पांढरे धागे दिसले आणि पावसानंतरच्या जमिनीचा वास आला तर उत्तम चाललंय. ते धागे उपयोगी बुरशीचे आहेत, घाबरून फेकू नका. कुबट वास म्हणजे पाणी जास्त, हवा कमी: उलथून कोरडा पाला मिसळा. मूठभर घेऊन घट्ट पिळा. एखाद-दुसरा थेंब आला तर ओल बरोबर, धार लागली तर जास्त, काहीच आलं नाही तर पाणी शिंपडा. चिलटं झाली की वरचा कोरडा थर जाड करा. कधी करड्या जाड अळ्या दिसतात, त्या खत लवकर करतात, राहू द्या. दोन-तीन महिन्यांत सालींचा मागमूस राहत नाही. चाळून घ्या, चाळणीवरचं पुन्हा डब्यात.

सोसायटीच्या आवारात झाडलेला पाला जाळला जात असेल तर सफाई करणाऱ्या मावशींना सांगून एक पोतं आपल्याकडे घ्या. तुमच्या डब्याची वर्षभराची सुक्याची सोय होते आणि धूरही वाचतो.

पायरी ७: माती ओळखा

वाळलेलं मातीचं ढेकूळ, सुपारीएवढं, पाण्याने भरलेल्या काचेच्या ग्लासात अलगद सोडा. सेंद्रिय पदार्थ भरपूर असलेल्या मातीचं ढेकूळ बराच वेळ धरून राहतं, पाणी नितळ राहतं. थकलेल्या मातीचं ढेकूळ मिनिटाभरात विरघळून पाणी गढूळ होतं. त्या जमिनीवर पाऊस पडला की माती वाहून जाणार हे वेगळं सांगायला नको. हीच चाचणी शेताच्या बांधावरच्या आणि मधल्या मातीची शेजारीशेजारी करून पाहा.

शेत असेल तर पुढे प्रयोगशाळेची तपासणी. पीक निघाल्यावर, पेरणीआधी, नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा घ्या आणि त्याच्या कडेची माती तासून प्लास्टिकच्या घमेल्यात जमा करा. लोखंडी घमेलं नको, सूक्ष्म अन्नद्रव्यांचा हिशेब चुकतो. बांध, उकिरडा, झाडाखालची जागा टाळा. ढीग करून चार भाग, समोरासमोरचे दोन टाका, असं करत अर्धा किलो ठेवा. २०१५ साली सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत १२ गोष्टी तपासून मिळतात. त्यातला सेंद्रिय कर्ब आधी पाहा: ०.५ टक्क्याखाली कमी, ०.७५ च्या वर चांगला. मग जस्त. जस्त ०.६ पीपीएमपेक्षा (मातीच्या दहा लाख भागांत ०.६ भाग) कमी असेल तर नुसतं शेणखत किती दिवसांत पुरं पडेल याची वाट न पाहता कृषी अधिकाऱ्याच्या सल्ल्याने झिंक सल्फेट द्या. सेंद्रियच्या आग्रहापोटी जस्त नसलेलं धान्य लेकरांना खाऊ घालणं मला पटत नाही.

कर्ब वाढवायचे मार्ग ओळखीचे आहेत. उसाचं पाचट जाळू नका, कुट्टी करून सरीत ठेवा. ताग किंवा धैंचा फुलोऱ्यात येताना गाडा. ज्वारीत तूर घ्या, फेरपालटात मूग-उडीद आणा. मुगाचं रोप मुळासकट हळूच उपटून मुळावरची गाठ नखाने फोडा: आतून गुलाबी-लालसर निघाली तर ती हवेतलं नत्र धरते आहे, पांढरट किंवा हिरवट निघाली तर ती कामाची नाही, पुढच्या वेळी बियाण्याला रायझोबियम (नत्र धरणारे जिवाणू) लावा. बियाणंही शक्य तर गावठी. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या पद्मश्री राहीबाई पोपेरे यांनी जपलेली वालाची आणि भाज्यांची वाणं याच कामाची आहेत.

बाल्कनीवाल्यांनी एवढं केलं तरी पुरे: अर्धी माती, अर्धं घरचं खत, फूटभर खोल कुंडी, वर पाल्याचं आच्छादन. मेथी, माठ, तांदुळजा टाका. महिन्याभरात पहिली काढणी होते. रस्त्याकडेची किंवा जुन्या रंगकामाचा कचरा पडलेली माती घेऊ नका, तिच्यात शिसं असू शकतं, आणि ते मुलांच्या मेंदूला घातक.

पायरी ८: मातीत हात, पण भाजी धुऊनच

फिनलंडमध्ये पाळणाघरांच्या अंगणात जंगलातली माती आणि हिरवळ अंथरली, तेव्हा २८ दिवसांत मुलांच्या त्वचेवरच्या जिवाणूंची विविधता वाढली आणि रक्तातले प्रतिकारशक्तीचे काही निर्देशक सुधारले. म्हणून मुलांना कुंडीत हात घालू द्या. पण कोबीतली अळी डोक्यात जाते ही आपल्याकडची भीती पूर्ण निराधार नाही. दोष कोबीतल्या अळीचा नसतो. माणसाच्या विष्ठेतून आलेली पट्टकृमीची अंडी सांडपाण्यावर वाढलेल्या भाजीवर असतात, ती पोटात गेली की मेंदूत गाठी होऊन फिट्स येऊ शकतात, शाकाहारी माणसालाही. पालेभाजी जुडी सोडून, पानं सुटी करून वाहत्या पाण्याखाली दोन-तीनदा धुवा. खात्री नसलेल्या ठिकाणची कच्ची खाऊ नका, शिजवा. ताजं शेण पालेभाजीला घालू नका, कुजलेलंच घाला. कोकणात पावसाळ्यात चिखलात उतरताना गमबूट घाला, पायाला जखम असेल तर आधी झाका; लेप्टोचा (उंदरांच्या मूत्रातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाचा) धोका खरा आहे.

पायरी ९: घाई नको

नऊ ग्रॅमवरून एकदम तीसवर गेलात तर पोट फुगेल आणि आठवड्यात सगळं सोडून द्याल. पहिले दोन आठवडे एक बदल, भात-पोळीतला अर्धा भाग भाकरीवर नेणं एवढाच. मग अर्धी वाटी उसळ, हिंग-आलं घालून, नीट शिजवलेली. पुढच्या पंधरवड्यात वाटीभर. तंतू वाढला की पाणीही वाढवा. आतड्याचा जुना त्रास असलेल्यांना कांदा, लसूण, काही कडधान्यं सोसत नाहीत. त्यांनी आहारतज्ज्ञाबरोबर यादी ठरवावी.

शौचातून रक्त, कारण नसताना उतरलेलं वजन, चाळिशीनंतर अचानक बदललेली शौचाची सवय, यांवर घरचा उपाय नको, डॉक्टर गाठा. मन सतत खालावलेलं असेल तर आहार सुधारा, पण चालू औषध स्वतःहून थांबवू नका. बोलायला कुणी हवं असेल तर सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतसेवेचा क्रमांक १४४१६ आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.